हौदाचा तिसरा नळ

धार, सोमवार, ता. १८ नोव्हेंबर १९०७.
दिवाणसाहेबांनी बोलावले. एंट्रन्सच्या परीक्षेत यंदाही मुले गणितात आपटली. "वर्गात बसा, दोष कुठे आहे पाहा. गणित तात्यांकडे ठेवायचे की काढून घ्यायचे, तुम्ही ठरवा. शनिवारी नवे वेळापत्रक पाठवा." हेडमास्तर होऊन दोन महिने, त्यातला दीड दरबारच्या चिठ्ठ्यांना उत्तरे देण्यात गेला. आधी देवासला होतो; तिथे एका गावात दोन राज्ये, दोन हुकूम, दोन सुट्ट्या. वाटले, धारेला एकच धनी, काम सोपे जाईल. पण तात्या. मला गणित शिकवले ते हेच तात्या.

मंगळ. १९.
मागच्या बाकावर बसलो. तात्यांनी खडू खाली ठेवला. "यावे, हेडमास्तरसाहेब." जन्मभर अरे बाळू म्हणणारा माणूस. कसेसेच झाले. मग त्यांची साधी बेरीज चुकली, मुले वळून माझ्याकडे पाहात होती. तात्या थकलेत, की मी बसलो म्हणून असे झाले? आणि न बसता कळणार कसे? विचित्र त्रांगडे.

बुध. २०.
आज बाहेर पडवीत उभा राहिलो, चोरासारखा. आत तात्यांचा आवाज खणखणीत. हौद, दोन नळ, किती तासांत भरेल. मुले रीत एका सुरात म्हणत होती. खूश होऊन आत गेलो आणि तिसरा नळ घातला, हौद रिकामा करणारा. एकजण म्हणाला, "साहेब, पुस्तकात दोनच आहेत." मी हसलो. हसायला नको होते. तात्या खिडकीबाहेर पाहात राहिले.

शुक्र. २२.
काल वर्ग नाही. इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबांच्या स्वागताला मुले रांगेत उभी करण्यात दिवस गेला. आज तिसरा नळ मीच शिकवायला घेतला. तात्या मागे जाऊन बसले, मी नको म्हणत असताना. मध्येच चपराशी दारात: "साब, दरबार से बुलावो आयो है." थांब म्हटले. फळा भरला, उत्तर बरोबर. एका मुलाने विचारले, नळ चार तासांत हौद भरतो, तर पाव का मांडायचा, चार का नाही? "तशी रीत आहे," म्हणालो. म्हणालो आणि लक्षात आले. मलाही पाठच आहे की. तात्यांनी पाठ करून घेतलेले.

शनि. २३, सकाळी.
तात्या दारात, हातात घरचे लहानसे घंगाळ. "त्या पोराने काल विचारलं ना, ते मला तीस वर्षांत कुणी विचारलं नाही. मीच विचारू दिलं नसेल." अंगणात बसून तांब्याने पाणी ओतले. चार तांब्यांत घंगाळ भरले. "एका तांब्याने किती भरलं?" पाव. "तासाला एक तांब्या धर. एवढंच रे, बाळू." बाळू ऐकून डोळे भरून आले.

मग म्हणाले, "सोमवारी वर्ग मी घेतो. तू मात्र बसू नकोस."

हो म्हणावेसे वाटते. पण सोमवारी घंगाळ, आणि मंगळवारी? पुन्हा पाठांतर? मी बसलो तर त्यांची बेरीज चुकणार, न बसलो तर दिवाणसाहेबांना सांगू काय? आणि मी तरी कुठला मोठा शिकवणारा.

चपराशी वेळापत्रकासाठी ओसरीवर बसलाय. सगळे रकाने भरले, गणिताचा उरलाय. तात्या घंगाळ इथेच ठेवून गेलेत. सोमवारी शाळेत घेऊन ये, म्हणाले.