लिंबाच्या साली

चिंचपोकळी, मुंबई
रविवार, ता. १६ मार्च १९५८

चि. सौ. कांता हिला शेवंतीचा आशीर्वाद.

इथे सगळे बरे आहेत. सासूबाईंचा दमा थंडी सरल्यापासून कमी आहे. ह्यांची पाळी बदलली, आता दुपारी जातात. लवू वेळेवर जेवतो. तुझा खोकला थांबला का? आवाज परत आला का? तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग.

मोरी मीच घासते. खालच्या खाणावळीतून पिळलेल्या लिंबांच्या साली आणते. तुझ्यासारख्या उकळते, पाणी गाळून ठेवते. आधी धुण्याचा सोडा आणि कढत पाणी, ते वाहून गेलं की मग लिंबाचं पाणी. फरशी निघते. वास राहत नाही. खाणावळवाला म्हणाला, "काय वहिनी, धाकटीची गादी तुम्ही चालवता वाटतं?" मी हसले. घरी येऊन साली जरा जोरातच आपटल्या.

तू माहेरी गेल्याला उद्या तीन आठवडे होतील.

तुला एक माहीत नसेल. लवू अकरा वर्षांचा असताना गावाहून माझ्याकडे आला. गिरणीत ब्लीचिंग खात्यात लागला तेव्हा पहिल्या शनिवारी डब्यात एक पुडी घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, ही पावडर. कसलंही कापड पांढरं होईल." तेव्हापासून दर शनिवारी पुडी. सबंध माळ्यावर माझ्याइतकं पांढरं धुणं कुणाचं नव्हतं. बायका वाळत घातलेलं धोतर हातात धरून बघायच्या. हातांची सालं निघायची, डोळ्यांना पाणी यायचं, पण ते मी कुणाला सांगत नसे.

तू लग्न होऊन आलीस आणि आठव्या दिवशी लवूला म्हणालीस, "ही घरात आणू नका. आईंना श्वास घेववत नाही." त्याने आणणं बंद केलं. मला विचारलंसुद्धा नाही. बारा वर्षं मी त्याचा डबा भरला होता.

साठवलेल्या पुड्यांवर माझं धुणं चालू होतं, पण तुझं मी गच्चीवर लपून बघितलं आहे. सोड्यात उकळलेलं कापड उन्हात पसरायचं, सुकत आलं की पाणी शिंपडायचं, पुन्हा सुकू द्यायचं. दिवसभर कावळ्यासारखी राखण करत बसायचीस. मला वाटे, हिला काही काम नाही. पण कापड पांढरं व्हायचं. सासूबाईंनी आपली वळकटी माझ्या बाजूची उचलून तुझ्या बाजूला नेली. "शेवंत्या, तुज्या पावडरीन माजी छाती भरता गो. हिच्या धुण्याक वास नाय." माझ्यासमोर म्हणाल्या. चुकीचं नव्हत्या म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

मग समितीच्या फलकाचं झालं. दर मोर्चाला समितीचा राजाराम कोरा मांजरपाट माझ्याकडे आणून देत असे. मी पांढरा करून द्यायचा आणि मुलांनी त्यावर अक्षरं रंगवायची. मागच्या वेळी लालबागच्या नाक्यावर वारा सुटला आणि फलक मधोमध फाटला. राजाराम जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, काय केलंत? 'संयुक्त' एका काठीला आणि 'महाराष्ट्र' दुसऱ्या! दिल्लीवाल्यांना जमलं नाही ते तुमच्या पावडरीने केलं." सगळे हसले. तू हसली नाहीस. हसली असतीस तर बरं झालं असतं.

ह्या खेपेला तो मांजरपाट घेऊन आला तो सरळ तुझ्याकडे गेला. माझ्यावरून पुढे गेला. मी दारातच तांदूळ निवडत होते.

इथपर्यंतचं सगळं तुला थोडंफार ठाऊक असेल. पुढचं ठाऊक नाही.

माझ्या पुड्या संपल्या असं घरात सगळे समजत होते, पण एक शेवटची उरली होती. ट्रंकेत, लुगड्याखाली. तू गच्चीवर जागा धरायला गेलीस तेव्हा मी ती तुझ्या सोड्याच्या डब्यात ओतली. हाताने ढवळून घेतली. आपल्या मोरीला तो वास इतक्या वर्षांचा मुरलेला, तुला वेगळा कळणार नव्हता. मला एवढंच हवं होतं की तुझाही फलक फाटावा. लालबागच्या नाक्यावरच फाटावा. राजारामने जिन्यात तुलाही काहीतरी म्हणावं.

तू कापडाआधी त्याच सोड्याने मोरी घासशील आणि तो फरशीवर असतानाच वर लिंबाचं पाणी ओतशील हे मला सुचलं नाही. पावडरीवर आंबट पडलं की विषारी वाफ सुटते हेही ठाऊक नव्हतं. लवू नंतर म्हणाला, खात्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.

तू आत पत्र्याच्या आडोशाला होतीस. आधी खोकला ऐकू आला, मग बालदी पडली. मी तोंडाला पदर लावून तुला ओढून बाहेर काढलं. तुझे ओठ निळे झाले होते. मी धावले ते खरं आहे. तेवढं खोटं धरू नकोस.

इस्पितळातून आल्यावर सासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. "शेवंत्या होती म्हणान पोर जगला." वर्षभरात पहिल्यांदा. सगळा माळा तेच बोलत होता. मी तोंड उघडलं नाही.

लवूने डबा हुंगला. त्याला वास कळणारच. तुला म्हणाला, "मला आणू नका सांगितलंस, आणि स्वतः चोरून वापरत होतीस? कोणी आणून दिली? खात्यातला कोण?" तू मान हलवत राहिलीस. तुला आवाज नव्हता. तो म्हणाला, खोटी बाई मला घरात नको. तू माझ्याकडे बघितलंस. मी भाकऱ्या थापत होते. एक करपली.

तेव्हा तुला कळलं होतं का? हे मी रोज स्वतःला विचारते. कळलं असेल आणि तरी गप्प बसली असशील, तर तेही मला सोसवत नाही. त्यातही तू माझ्यावर मात केलीस.

तुझा अर्धा राहिलेला मांजरपाट मी गच्चीवर नेला. तीन दिवस बसले. पाणी शिंपडलं. पांढरा झाला, तुझ्याइतका नाही. कडेला पिवळट राहिला. किती वेळा शिंपडतेस ते विचारणार होते. विचारत नाही.

सासूबाई अजून तुझ्याच बाजूला झोपतात. जागा रिकामी आहे, तरी.

तू परत आलीस तर मी चांगली वागेन असं लिहीत नाही. तुझं धुणं दोरीवर दिसलं की माझ्या पोटात जळेल. ते आताच सांगून ठेवते. पण डबा तुझा तुझ्या हातात राहील आणि त्याला मी हात लावणार नाही.

लवूला अजून सांगितलेलं नाही. तोंडाने जमणार नाही. उद्या तो कामावर निघताना हे पाकीट न चिकटवता त्याच्या हातात देईन आणि म्हणेन, आधी तू वाच. त्याला वाचायला मीच शिकवलं.

हे पत्र पोस्टमनने आणून दिलं, तर समज की मी आयत्या वेळी भ्याले आणि पाकीट चिकटवून पेटीत टाकलं. मग पुढे काय करायचं ते तू आणि तुझे वडील ठरवा. हाच कागद त्याला दाखवा, मी नाही म्हणणार नाही. लवू स्वतः घेऊन आला, तर त्याला आधी पाणी दे, आणि लगेच निघू नकोस. त्याला तुझी माफी मागू दे.

डब्यात ज्या हाताने ढवळलं त्याच हाताने हे लिहिलं आहे.

तुझी थोरली जाऊ,
शेवंती