बेबीच्या हातावर काय चिकटवलंय?

११ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
मला वॉर्डातून बाहेर काढलं! सख्ख्या मोठ्या बहिणीला! गुन्हा काय, तर बेबीच्या भाजलेल्या हातावरच्या पारदर्शक कागदाचा कोपरा नखाने जरासा उचलून पाहिला. प्लास्टिक चिकटवून मोकळे झालेत की काय, बघायला नको? ड्रेसिंग बदलायला हात उघडा होता, नर्स पाठमोरी होती. वळली आणि ओरडली, "आजी, हात काढा तिथून!" आजी म्हणे. तुझी कधीपासून?

गेल्या आठवड्यात उकळतं तेल सांडलं, मनगटापासून बोटांपर्यंत. उजवा हात. बोटं पुन्हा वळतील की नाही, कोणी छातीठोक सांगत नाही. आणि वर हे!

१२ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंना गाठलं. "कृत्रिम त्वचा आहे. जखम खोल होती. नुसती मांडीची कातडी लावली असती तर हात आखडण्याची भीती जास्त. ही परांची समजा. पेशंटच्या रक्तवाहिन्या या त्वचेत शिरतील, मग वरचा पापुद्रा काढून मांडीची पातळ कातडी लावू."

परांची! मी काय इमारतीची चौकशी करत होते?

कशाची बनवतात, विचारलं. बाईंनी बेबीच्या मुलाकडे, माझ्या भाच्याकडे पाहिलं, भाच्याने बुटांकडे. "मावशी, चहा घेतेस?"

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. लपवणाऱ्याचा आवाज मला कळतो. कॉन्व्हेंटमध्ये मदरसमोर आम्ही याहून बरं खोटं बोलायचो.

१४ फेब्रुवारी
बेबीही सामील! "ताई, घरी जा ना, दमली असशील." माझ्या दमण्याची काळजी हिला कधीपासून?

१५ फेब्रुवारी
मी दिसले की नर्स पडदा ओढते.

१७ फेब्रुवारी
भाच्याला जिन्यात अडवलं. शेवटी फुटला. गाईपासून काढलेलं कसलंसं प्रथिन आहे त्यात — गाईपासून! आम्ही दोघींनी जन्मात अंडं खाल्लं नाही.

"तुझ्या आईला न विचारता? कोर्टात खेचीन एकेकाला!"

"मावशी, आईला सगळं समजावलं होतं. तिनेच हो म्हटलं. फक्त म्हणाली, 'ताईला कळू देऊ नका. ती नको म्हणेल, आणि तिच्यापुढे मला कधी हो म्हणता आलंय? माझा हात जाईल रे.'"

१८ फेब्रुवारी
बेबीच्या उशाशी चिठ्ठी ठेवून आले — मी एवढी भीती घालते का तुला? ३१ मेच्या आत, तोवर बोटं वळायलाच हवीत, उत्तर हवं. लेखी. उजव्या हाताने. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.