दादाचा डावा पाय

ती. वहिनींच्या चरणी धाकट्या दिराचा शिरसाष्टांग नमस्कार.

लेकीच्या घरी जिना नाही, तेव्हा आपले गुडघे सुखात असतील असे अनुमान करतो. माझी प्रकृती निर्दोष आहे. (झोप लागत नाही, परंतु निद्रानाश हा प्रकृतीचा दोष की विचारशील मनाचा गुण, याविषयी मतभेद आहेत.) पत्रास विलंब झाला तो दादाच्या गाडीमुळे. दादा गेल्यावर ती माझ्या अंगणात आणून लावताना आपण एवढेच म्हणाला होतात की, “भाऊजी, नीट करा आणि चांगल्या माणसाला विका.” ‘नीट’ हा शब्द आपल्या घराण्यात माझ्याइतक्या गांभीर्याने कोणीच घेत नाही, आणि सर्व अनर्थ तेथूनच सुरू झाला.

आपल्याला यंत्रांत रस नाही हे ठाऊक असूनही थोडे विवेचन करणे भाग आहे. इंजिन आणि चाके यांची गाठ बांधण्या-सोडण्याचे काम क्लचची तबकडी करते. पेडल दाबले की गाठ सुटते, पाय उचलला की घट्ट बसते. पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवणे म्हणजे धड संसार नाही आणि धड सोडचिठ्ठीही नाही. तबकडी घासते, करपते, झिजते. दादा जन्मभर नेमके हेच करीत आला. डावा पाय क्लचवर असा विसावलेला, जणू समोर पाट मांडला आहे! शेजारी बसून मी ‘दादा, पाय काढ’ हे वाक्य जितक्यांदा उच्चारले, तितक्यांदा तर्कशास्त्राची व्याख्यादेखील उच्चारली नसेल. त्यावर तो म्हणे, “मास्तर, गाडी चालतेय ना?” (अशा युक्तिवादास शास्त्रात नाव आहे; दिवंगतांविषयी ते लिहीत नाही.)

पहिले लक्षण चढावर दिसले. इंजिन डरकाळ्या फोडीत होते आणि गाडी मात्र वरातीच्या चालीने सरकत होती. म्हणून घरी शास्त्रोक्त परीक्षा घेतली. हँडब्रेक ओढून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडला. तबकडी निरोगी असेल तर इंजिनाने तत्क्षणी बंद पडावे. ते गुणगुणत राहिले. निदान झाले, क्लच घसरतो आहे. मी समाधानाने खाली पाहिले. माझा पाय पेडलपासून दूर होता, आणि पेडल आपल्या जागेपासून चार बोटे खाली दबलेले होते.

तार अडकली असणार. तार बदलली. स्प्रिंग बदलली. शेवटी तबकडीही नवी बसवली, आणि आठवडा उलटण्यापूर्वी करपल्याचा तोच वास पुन्हा आला.

आमचा गॅरेजवाला इंजिनाला कान लावून रोग सांगतो, म्हणून त्याला सारे कानसेन म्हणतात. त्याने बेअरिंगवर संशय घेतला. ते बिघडले की पेडल दाबताच कुरकुरते, सोडताच गप्प होते. गाडी खड्ड्यावर उभी केली, इंजिन चालू ठेवले आणि तो खाली उतरला. कुरकुर सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली.

“सर, सोडा की आता! किती वेळ दाबून बसलाय?”

मी खड्ड्याच्या काठाशी उभा होतो. माझे दोन्ही बूट त्याच्या नाकासमोर होते. त्याने बूट मोजले. मग गाडीच्या पोटाकडे पाहिले, मग पुन्हा बूट मोजले. वर येऊन तो कितीतरी वेळ हात पुसत राहिला आणि म्हणाला, “क्लचला काही झालेलं नाही, सर. दाबणाऱ्याला सांगा.”

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. (ठेवत नाही, हे अधोरेखित समजावे.) पेडलखाली लाकडी ठोकळा घट्ट ठोकला, दारे कुलूपबंद केली आणि जेवायला गेलो. परतलो तो दारे तशीच बंद होती, आणि ठोकळा शेजारच्या आसनावर होता. म्हणजे माझ्या जागेवर.

दरम्यान एक दंतवैद्य बाई गाडी पाहून गेल्या. फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, “छान आहे हो, पण दोघांनी मिळून चालवल्यासारखी वाटते.” तरी घेईन म्हणाल्या, मात्र दोष लेखी मागितले. मी लेखणी उचलली, ‘दोष : थोरले बंधू’ असे लिहिले आणि कागद फाडला.

मुलीस आशीर्वाद, जावयांस नमस्कार. लोभ आहेच, तो मोजून दाखवण्याची सोय नाही.

आपला आज्ञाधारक,
भाऊजी

ता. क. : पत्राचा खरा हेतू वर लिहिण्यास संकोच वाटला. दादाने माझे कधीच ऐकले नाही. पण मागच्या आसनावरून आपण नुसते ‘अहो’ म्हटले की त्याचा पाय आपोआप वर येई. तेव्हा एकदा यावे, मागे बसावे आणि तेवढेच म्हणावे. गाडी बाईंना देऊन टाकू.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवण्यापूर्वी अंगणात जाऊन आलो. भर दुपारी, बंद गाडीत, माझ्या जागेवर बसलो आणि स्वच्छ शब्दांत म्हणालो, “दादा, पाय काढ.” पेडल सावकाश, अगदी तळापर्यंत खाली गेले.

म्हणजे ऐकू येते. बाईंना नकार कळवला आहे. आपण जरूर यावे, मागे बसावे, हव्या तितक्या गप्पा माराव्यात. फक्त, वहिनी, ‘अहो’ म्हणू नये.