द्युतिमानला रविवारपर्यंत सुधारावे, ही विनंती

॥ श्रीश्री दुर्गा सहाय ॥

कृष्णनगर, मंगळवार

श्रीचरणेषु छोटमामा,

तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून तुझ्या पोल्टूचा नमस्कार. तुझी पाठ, तुझं पित्त आणि मामीचा तुझ्यावरचा राग, तिन्ही आता उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. इकडे आईचे गुडघे बरे, बाबांचा रक्तदाब बरा, दिदिमाला नवा चष्मा लागला आणि आता तिला टीव्हीवरची माणसं अधिक स्पष्ट दिसतात, त्यामुळे तुझ्यावरचा तिचा रोषही अधिक स्पष्ट झाला आहे. मी तेवढा बरा नाही. मला जेवण जात नाही, आणि संध्याकाळ होत आली की हातपाय गार पडतात.

फोनच करणार होतो, पण तू उचलत नाहीस. ज्या दिवशी तू लिहितोस त्या 'तालदीघी' मालिकेतल्या डॉक्टर द्युतिमानने बिचाऱ्या शालुकला टाकून दुसरं लग्न केलं, त्या दिवसापासून आपल्या घराण्यातली एकूण एक मावशी आणि जेठीमा तुला शिव्या द्यायला फोन लावते, हे मला ठाऊक आहे. (दिदिमा तर तुझी सख्खी आई, पण परवा म्हणाली, "याला पाटीवर अक्षरं मीच गिरवायला लावली, तिथेच चुकलं.") म्हणून पत्र लिहितोय. सांगायचं ते एवढंच, की मी मरतोय, आणि मारणारा तू आहेस.

मालिका सुरू झाली तेव्हा तूच हसत हसत कळवलं होतंस, "पोल्ट्या, नायकाला तुझं चांगलं नाव दिलंय, मिठाई पाठव." मी गाढवाने सरपुरियाचा अख्खा डबा पाठवला. आता आपल्याकडे माणसाला नावं दोन. हाक मारायचं एक, आणि शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर मिरवायचं ते चांगलं नाव वेगळं. मला सगळी आळी पोल्टू म्हणते. आणि मी कॉलेज सोडल्यापासून (दुसऱ्या वर्षी, एका प्राध्यापकांशी मतभेद झाला आणि त्यात खिडकीची काच फुटली, तो विषय वेगळा) माझं चांगलं नाव उच्चारायची गरजच कुणाला पडली नाही. काम करतो त्या केबलच्या दुकानात मी पोल्टू, चहाच्या ठेल्यावर पोल्टू, आणि झिनुकच्या घरीही पोल्टूच.

झिनुक म्हणजे समोरच्या नंदीबाबूंची धाकटी. तिच्याविषयी मी इथे लिहीत नाही, कारण एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही आणि टपालाचं वजन वाढतं. एवढंच सांगतो, की ती गच्चीवर केस वाळवायला आली की आमच्या आळीत निम्म्या घरांचं केबल बिघडतं, कारण मला खांबावर चढायला काहीतरी कारण लागतं. तिची आई, रेबा काकिमा, मला अगदी जावयासारखं वागवायच्या. हिलसा मासळी आणली तर पोटाकडचा तुकडा मला. मग गेल्या आठवड्यात आई-बाबा रीतसर मागणी घालायला गेले. सामोसे झाले, रसगुल्ले झाले, दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करून मोकळे झाले, आणि त्यांच्या भटजींनी पंचांग उघडून विचारलं, "मुलाचं चांगलं नाव?" बाबांनी छाती फुगवून सांगितलं, "श्रीमान द्युतिमान."

मामा, पंखा फिरत होता, पण वारा थांबला. रेबा काकिमांच्या हातात माझ्यासाठी उचललेला दुसरा रसगुल्ला होता. तो त्यांनी सावकाश परत पाकात सोडला.

"कोण?" त्या म्हणाल्या.

"द्युतिमान."

"तो?"

"तो नाही हो, हा. आमचा पोल्टू."

"पण नाव तेच ना?"

माझं नाव सुब्रत असतं तर काही बिघडलं नसतं. सुब्रत इथे हाकेला दहा धावून येतात, त्यातला एखादा टीव्हीवर वाईट निघाला तर बाकीच्यांवर आळ येत नाही. पण द्युतिमान कृष्णनगरात दोनच. एक मी, आणि दुसरा रोज साडेसातला नंदीबाबूंच्या बैठकीत येऊन बायकोला छळणारा.

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे, आणि शिवाय मी या मालिकेचा मनापासून दुखावलेला प्रेक्षक आहे. मी उठून उभाच राहिलो. म्हटलं, "काकिमा, दोष द्युतिमानचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे! ज्या माणसाने चिखलात रुतलेल्या वासरासाठी मोटार थांबवली, ज्याने वैऱ्याला रक्त दिलं, तो एका होडीतून पडतो काय आणि बदमाश होऊन वर येतो काय? पाण्यात होतं तरी काय? स्मरणशक्ती गेली, मान्य. मग डॉक्टरकी कशी लक्षात राहिली? तिजोरीची किल्ली कुठे असते ते कसं लक्षात राहिलं? फक्त बायकोच कशी विसरली?" मी इतका तावातावाने बोललो की माझा आवाज फाटला. काकिमांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आईकडे वळून म्हणाल्या, "पाहिलंत? कशी बाजू घेतोय त्याची." मग निकाल दिला, "पुढच्या रविवारी दोन तासांचा महाभाग आहे. त्यात तो काय करतो ते बघू या. मग आपण बोलू."

जाहिरातीत काय दाखवताहेत ते तुला मी सांगायला नको. गच्चीचा कठडा, पाठमोरी शालुक, आणि द्युतिमानचे पुढे येणारे दोन हात. मामा, ते हात माझे आहेत असं धरून सगळी आळी माझ्या हातांकडे बघते. मी दुकानात सुट्टे पैसे द्यायला हात पुढे केला तर बायका मागे सरकतात.

त्यात मालिकेचं संगीत शंखाने सुरू होतं (ही अक्कल तुझीच असणार), आणि दिवेलागणीला शंख तर घराघरात वाजतो. त्यामुळे कुठला शंख देवघरातला आणि कुठला तुझा, ते कळत नाही. मी प्रत्येक घराच्या शंखाला वेगवेगळा दचकतो.

आता पायेशचं, त्या खिरीचं ऐक. माझा वाढदिवस आला. आईने रिवाजाप्रमाणे गुळाचं पायेश केलं आणि रुसवा जावा म्हणून पितळी वाटी भरून समोर पाठवलं. मी स्वतः घेऊन गेलो, नवा कुडता घालून. मला काय माहीत, की आदल्याच संध्याकाळी तुझ्या द्युतिमानने शालुकसमोर खिरीची वाटी धरली होती आणि पार्श्वसंगीतात नागासारखं काहीतरी फूत्कारत होतं? काकिमांनी वाटी घेतली, हसल्या, आणि मला ऐकू येईल अशा बेताने मांजराला हाक मारली. मांजराने वाटी चाटूनपुसून साफ केली, आणि झोपलं. मांजर आहे, झोपणारच! पण काकिमांनी जो टाहो फोडला, त्याने शेजारची चार घरं गोळा झाली, नंदीबाबू टोटो रिक्षा करून गुरांच्या डॉक्टरला घेऊन आले, आणि त्या भल्या माणसाने मांजराच्या पोटाला हात लावताच ते जागं होऊन त्याला चावलं. डॉक्टर म्हणाला, "हे माझ्याहून ठणठणीत आहे." तरी काकिमा म्हणाल्या, "हळूहळू चढणारं असेल."

मग माझं डोकं फिरलं. काल मी साडेसातच्या आधी पकड घेऊन खांबावर चढलो आणि सगळ्या आळीचं केबल तोडलं. म्हटलं, बघूच देत नाही. मामा, दोन मिनिटांत खाली बायका. कुणाच्या हातात छत्री, कुणाच्या हातात लाटणं, एकीच्या हातात अर्धा चिरलेला भोपळा. "उतर खाली, मेल्या! शालुक बेशुद्ध आहे तिकडे!" मी वर, खांबाला मिठी मारून, आणि त्या खाली. बोसांची म्हातारी म्हणाली, "हा अगदी त्याच्यासारखाच. तोही वायरीच तोडतो." (गेल्या महिन्यात द्युतिमानने शालुकच्या इस्पितळातल्या यंत्राची वायर तोडली होती. तिथे प्राणवायू होता, इथे केबल, पण आळीला फरक दिसला नाही.) आणि एवढं करून उपयोग शून्य. काकिमांनी तो भाग झिनुकच्या मोबाइलवर बघितलाच.

झिनुक आज सकाळी नळावर भेटली. घागर भरून घेतली. मग म्हणाली, "तुझ्या नावाला मी घाबरत नाही, पोल्टूदा. तुझ्या हातातल्या पकडीला घाबरते." आणि गेली. तेव्हापासून मला शंखाइतकीच माझीही भीती वाटू लागली आहे.

म्हणून मामा, पाया पडतो. कथेच्या दर्जाविषयी मी आता एक अक्षर बोलणार नाही. त्याला पुन्हा होडीतून पाड, डोक्यावर नारळ पाड, काहीही कर, पण रविवारच्या आत त्याला सज्जन कर. कठड्याशी ते हात शालुकला शाल पांघरायला पुढे आले होते, असं दाखव. थंडी तोंडावर आली आहे, कुणी हरकत घेणार नाही.

मामीला नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद. इति,

तुझा थरथरता
पोल्टू

ता. क. पाकीट चिकटवताना धस्स झालं म्हणून पुन्हा उघडलं. तुला एखादं पात्र दुरुस्त कर म्हटलं की तू ते मारून टाकतोस. कृपा करून द्युतिमानला मारू नकोस. रेबा काकिमा म्हणतील, अल्पायुषी नाव आहे, आमच्या मुलीला नको.

ता. क. दुसरा. बुधवार. पत्र टाकायला निघालो होतो तोच सगळं उलटं झालं. कालचा भाग! तो बदमाश द्युतिमान नव्हेच, त्याच्यासारखा दिसणारा कुणी भलताच, आणि खरा द्युतिमान होडीतून पडल्यापासून तळघरात साखळीने बांधलेला! मामा, हुबेहूब दिसणारा माणूस आणणं ही कथालेखनातली सर्वांत हलकी चलाखी, असं मी चहाच्या ठेल्यावर शंभरदा म्हटलं आहे. ते शब्द मी परत घेतो. तू थोर आहेस. सकाळी काकिमा स्वतः आल्या, डोळे सुजलेले, हातात लुच्या, मैद्याच्या पुऱ्या. मला आपल्या हाताने भरवत म्हणाल्या, "काय काय सोसलंस रे, बाबा." मी नुसती मान खाली घातली. अघ्राण महिन्यातला मुहूर्त बघायला भटजींना निरोप गेला आहे. त्यांच्याबरोबर आलेली झिनुक दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होती. पकड मी दुकानदाराकडे जमा केली, हे तिला सांगितलं आहे.

ता. क. तिसरा. मग पत्र पाठवतोच कशाला, म्हणशील. कारण जाता जाता काकिमा उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "पोल्टू, तुला भाऊ नाही ना रे?"

बिल्टू सुरतेला गेला तेव्हा नंदीमंडळी आळीत आलेलीच नव्हती. मी म्हटलं, "आहे एक, लांब असतो." "दिसायला कसा?" मी म्हटलं, "सावळा. बुटका." धडधडीत थाप. आमचा बिल्टू माझ्याशी किती मिळताजुळता आहे ते तुझ्याहून जास्त कुणाला ठाऊक? पाळण्यातल्या आम्हा दोघा जुळ्यांना दूध पाजायला बसून तू एकालाच दोनदा पाजलंस. तो लग्नाला येणार, आणि उघड्या तोंडाने मांडवात फिरणार. चेहऱ्याचं मी बघून घेईन, त्याला दाढी वाढवायला कळवलं आहे. नावाचं तू बघ. त्या तळघराबाहेरच्या हरामखोराचं नाव रविवारी सांगणार म्हणे. तुझा नावांचा साठा आपल्या घराबाहेर जात नाही. विष कालवणाऱ्या आत्याला तू आईचं चांगलं नाव दिलंस, हे आईने ओळखलं आहे, आणि भाऊबीजेच्या भाईफोंट्याला तू येशील तेव्हा तुझ्या कपाळाला टिळा लावावा की दुसरं काही, याचा ती विचार करते आहे. बिल्टूचं चांगलं नाव मी इथे लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती लागलं तर? तुला ते माहीत आहे. ते सोडून जगातलं कुठलंही नाव दे. आणि भाग आधीच तयार होऊन बसला असेल, तर निदान त्या शब्दावर नेमका ढगांचा गडगडाट टाक. नाहीतरी तुम्ही टाकताच.