वजनाप्रमाणे गोळ्या

प्रिय क्लेटन,

आपले बाबा तुझ्या कायद्याने गेले, हे तुला खडसावून सांगायचं म्हणून लिहायला बसले होते.

आयवरमेक्टिन, ते जंतांवरचं औषध, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळावं म्हणून तू आमदार या नात्याने मत दिलंस. मी औषधवाली, विधिमंडळाच्या समितीपुढे त्याच्या विरोधात बोलले. तेव्हापासून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. कायदा लागू झाला त्याच आठवड्यात मात्र ते माझ्या काउंटरवर हजर!

"आता चिठ्ठी मागायची नाही हं, मर्ना. पोटातल्या गाठीसाठी हवंय."

"कॅन्सरवर याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, बाबा."

"तुझं भाषण अख्ख्या आयडाहो राज्याने ऐकलंय. गोळ्या दे."

डोस वजनावर ठरतो, म्हणून मी वजन विचारलं.

"एकशे नव्वद पौंड. गुरांच्या काट्यावर उभा राहून आलोय."

पुढच्या महिन्यात एकशे बहात्तर. मग एकशे पंचावन्न. दर खेपेला मी गोळ्या कमी करत गेले. रागात होते, मान वर करून पाहिलं नाही.

काल गोठ्यातला गुरांच्या लशींचा फ्रीज आवरला. मी दिलेल्या गोळ्यांच्या सगळ्या बाटल्या तिथेच होत्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

त्यांना औषध नकोच होतं, क्लेटन. माझ्यापर्यंत यायला काहीतरी निमित्त हवं होतं, ते तुझ्या कायद्याने दिलं. ते मला वजन सांगत होते आणि मी गोळ्या मोजत होते.

पाकिटावर तुझं नाव घातलं होतं. ते आता खोडलं; हे पत्र तुला धाडायचं नाही.

मर्ना