काही त्रास नाही

सोमवार, ३
आलो एकदाचा! खोली ऐसपैस, खिडकीत ऊन, गादी घरच्यापेक्षा बरी. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलाय, तरी डॉक्टरीणबाई हसून समजावत होत्या, की दोन औषधं एकत्र देऊन बघायची आहेत. औषधं जुनी, जोडी नवी, उंदीर मी. संमतीच्या कागदावर सही ठोकली. सिस्टरने एक वही दिली. रोज कसं वाटलं ते तीत लिहायचं. ही रोजनिशी मात्र माझी खासगी, टोमण्यांसाठी.

मंगळवार, ४
दोन्ही गोळ्या घेतल्या, ढिम्म काही झालं नाही. ऑफिसात मी मस्टरवर आठवड्याच्या सह्या एकदम ठोकायचो. जित्याची खोड! त्यांच्या वहीत महिनाअखेरपर्यंत 'काही त्रास नाही, झोप उत्तम' लिहून मोकळा झालो.

रविवार, ९
पाय सुजलेत. पाठीत कुणी सुरी फिरवतंय. सिस्टरला सांगितलं, तर तिने वही उघडली. म्हणाली, काका, तुम्हीच तर लिहिलंय. मी खोडून खरं लिहिलं.

सोमवार, १०
वहीत खाडाखोड नाही. कालच्या पानावर माझंच अक्षर. 'काही त्रास नाही.'

बुधवार, १२
पेन रुतवून पुन्हा लिहिलं. सकाळी पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच नाहीत, वही बघतात आणि खूश होतात. इतका संताप आयुष्यात आला नव्हता. इतकी भीतीही.

शुक्रवार, १४
धाकट्या भावाला हाच आजार आहे. बाईंनी त्याला माझी वही दाखवली, त्याला हुरूप आला. फोनवर म्हणाला, उद्या येऊन मीही सही करतो. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, मजेत आहे. ते मी म्हणालो नाही. तोंड म्हणालं—

शनिवार, १५
धाकटा आलाय. बाहेर कागद वाचतोय. ही रोजनिशी अजून माझी आहे, तीच त्याच्या हाती देतो. लहानपणापासून तो कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाचतो, म्हणून इथेच, मोठ्या अक्षरात—

सही करू नकोस. मी मरतोय रे. पाठ अशी जळते की—

काही त्रास नाही.

नाही! हे मी नाही लिहिलं. धाकट्या, पळ, तू—

झोप उत्तम. काही त्रास