भिंतीपलीकडचे काका

४ ऑक्टोबर
परदेशात येऊन आठवडा झाला. पूर्ण सेटल झालोय. लोक म्हणे सुरुवातीला रडतात. आपला पिंडच वेगळा. शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटे राहतात, असं जूनमध्ये व्हिडिओवर घर दाखवताना एजंट म्हणाला होता. उद्या बेल वाजवून ओळख करून घ्यायची. बेत पक्का.

७ ऑक्टोबर
बेल वाजवली नाही. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही. आरशासमोर त्यांच्या भाषेत तालीम केली. उच्चार फर्स्टक्लास.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ
कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला भिंतीतून ठक ठक. म्हातारा तापट दिसतो. तत्काळ शेगडी बंद. भात कच्चा खाल्ला. परक्या मुलखात असं जुळवून घ्यावं लागतं. सगळ्यांना जमत नाही.

२० ऑक्टोबर
आईचा व्हिडिओ कॉल चालू असताना ठक ठक. आईनं विचारलं, "कोण रे?" तिला उगाच घोर नको म्हणून म्हटलं, शेजारचे काका. तर म्हणाली, "मग दार उघड की, गाढवा!" फोन ठेवावा लागला. दारापर्यंत गेलोसुद्धा.

२ नोव्हेंबर
आईला सांगितलं, काका रोज चहाला येतात. ही काही थाप नाही. मी चहा ठेवला की ते ठोकतात, मग मीही दोनदा ठोकतो. काहींना मैत्रीसाठी बडबड लागते. आमचं तसं नाही.

११ नोव्हेंबर
ऑफिसातल्या समोरच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, आज सगळे बाहेर जेवायला जातोय, येतोस का? म्हटलं, घरी म्हातारं माणूस वाट बघतं. तिनं विचारलं, "वडील इथेच असतात?" मी मान हलवली. हो की नाही ते तिला कळलं नसावं. मलाही नाही. घरी येऊन ब्रेड खाल्ला. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

२४ नोव्हेंबर
आईचं पार्सल आलं. काकांसाठी मफलर. बाबा गेल्यापासून तिनं सुयांना हात लावला नव्हता. मफलर घेऊन शेजारच्या दाराशी गेलो. दाराच्या फटीत जाहिरातींचे कागद कोंबलेले, काही खाली पडलेले. माणसात अगदीच टापटीप नाही. झोपले असतील म्हणून परत आलो.

१ डिसेंबर
आज बेल वाजवली! एकदा नाही, तीनदा. केअरटेकर जिना पुसत होता. म्हणाला, "तिथे कोण उघडणार? ते तर उन्हाळ्यातच वारले. बरेच दिवस कुणाला पत्ताच नव्हता. तेव्हापासून घर बंद आहे." मी विचारलं, मग भिंत कोण ठोकतं? म्हणाला, "हीटिंगचा पाइप आहे. तापला की वाजतो. सगळ्यांकडेच वाजतो." मी मोठ्यानं हसलो. तोही हसला. इथल्या माणसाशी माझं झालेलं हे पहिलं मोठं संभाषण. प्रगती आहे.

२ डिसेंबर
भुताखेतांवर आपला विश्वास नाही. पलंग समोरच्या भिंतीला लावला तो केवळ उजेडासाठी.

६ डिसेंबर
दुरुस्तीसाठी सकाळपासून हीटिंग बंद. खाली तशी नोटीस आहे. दुपारी कोट घालून चहा ठेवला. ठक ठक. पाइपला हात लावून बघितला. गार. गार होतानाही वाजत असेल, शेवटी लोखंडच ते. मी परत ठोकलं नाही.
मग ठोकलं. रीत म्हणून.

९ डिसेंबर
पडल्यापडल्या एक डोक्यात आलं. शेवटी शेवटी काकांनी ही भिंत ठोकली असेल का? तेव्हा या खोलीत माझ्या आधीचा भाडेकरू होता. एजंटनं त्याची फार तारीफ केली होती. अतिशय शांत माणूस, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी लगेच म्हटलं होतं, मीही अगदी तसाच आहे.
एजंट खूश झाला होता.

१४ डिसेंबर
आई हट्टालाच पेटली, आज काकांशी बोलायचंच, फोन त्यांच्याकडे दे. आता खरं सांगून मोकळं व्हायचं ठरवलं. म्हटलं, आई, काका गेले.
इथपर्यंत खरंच होतं.
आईनं तोंडाला पदर लावला. कधीही न पाहिलेल्या माणसासाठी एवढं रडावं? मग डोळे पुसून म्हणाली, "शेवटी जवळ कोण होतं रे त्यांच्या?"
मी म्हटलं, मी होतो.
"बरं झालं बाबा. असं एकट्यानं जाऊ नये माणसानं." मग म्हणाली, "आणि आता तुझ्याजवळ कोण?"
आवाज तुटतोय, असं सांगून फोन ठेवला.
आवाज अगदी स्पष्ट येत होता.